काचेच्या पेटीतले सरोवर

लंडनच्या अपॉथिकरीज हॉल या औषधनिर्मात्यांच्या जुन्या संस्थेत रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. १८४९ साली त्यांनी सुमारे बारा गॅलनची एक काचेची बरणी घेतली, तळाशी वाळू आणि चिखल घातला, व्हॅलिस्नेरिया नावाची फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन सोनेरी मासे सोडले. काही दिवस सारे ठीक चालले. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर शेवाळ चढले. दुसरा कोणी असता तर बरणी मोरीत उपडी करून मोकळा झाला असता. वॉरिंग्टननी तीत तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि बुळबुळीत शेवाळ फस्त केले, त्यांची अंडी माशांना खाऊ झाली आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० मध्ये ही हकीकत त्यांनी तिथल्या केमिकल सोसायटीपुढे मांडली. घरगुती मत्स्यपेटीचा इतिहास सांगायचा तर तो या गोगलगायींपासून सांगावा, असे मला वाटते.

तसे पाहिले तर सिसिलीतील मेसिना येथे जान व्हिलप्रो-पॉवर या बाईंनी १८३२ च्या सुमारासच सागरी जीव पाहण्यासाठी काचेच्या पेट्या केल्या होत्या. एके काळी शिवणकाम करणाऱ्या या बाईंचे नाव मागे पडले; बायकांच्या बाबतीत हे नवे नाही. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि इंग्रजांच्या दिवाणखान्यांत काचेच्या पेट्यांचे वेडच शिरले. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते १९५१ साली.

वनस्पतींनी प्राणवायू द्यायचा आणि माशांनी तो घ्यायचा, हा वॉरिंग्टन यांचा हिशेब खरा होता, पण पुरा नव्हता. माशांच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया साठतो, आणि तो माशांना विष आहे. त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू असतात, हे सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. नव्या पेटीत हे जंतू नसतात. वाळूत, दगडांवर आणि गाळणीत त्यांची वस्ती व्हायला महिना-दीड महिना जातो. मी हे वाचण्याआधीच शनिवारी पेटी भरली आणि रविवारी सहा मासे आणून सोडले. पुढच्या रविवारी त्यातला एकही उरला नव्हता. दुकानदाराला मी मनातल्या मनात पुष्कळ लाखोली वाहिली. दोष माझ्या घाईचा होता.

सिक्लिड या कुळातले मासे पाळू लागल्यावर तर वॉरिंग्टन यांची फितीची पानेही टिकत नाहीत. हे मासे तळ उकरतात, रोपे उपटतात आणि हद्दीवरून भाऊबंदांसारखे भांडतात. त्यांचे सर्वांत नवलाचे माहेर म्हणजे आफ्रिकेतील मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया ही तीन सरोवरे. मलावीला पूर्वी न्यासा म्हणत. लिव्हिंगस्टन यांच्या मोहिमेतले डॉ. जॉन कर्क यांनी तिथून आणलेल्या माशांचे वर्णन ग्युंथर यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे जेफ्री फ्रायर यांनी तिथल्या खडकाळ किनाऱ्यावरच्या माशांचा अभ्यास १९५९ मध्ये छापला. खडकावरचे शेवाळ खाणाऱ्या या माशांना स्थानिक लोक म्बुना म्हणतात. मादी अंडी तोंडात धरते आणि सुमारे तीन आठवडे उपाशी राहून पिले बाहेर सोडते.

तेव्हा पेटीत सरोवरच मांडावे लागते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन अडीच क्विंटल. जुन्या तिवईवर ती ठेवू नये. दगड आधी थेट काचेच्या तळावर पक्के बसवावे आणि वाळू मागून घालावी. नाहीतर मासे खालून उकरतात आणि दगड कोसळतात. मलावीच्या पाण्याचा सामू आठाच्या आसपास, टांगानिकाचा नवाच्या जवळ. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, तसले कठीण पाणी यांना मानवते. म्बुनांमध्ये एका नराबरोबर तीन-चार माद्या ठेवाव्यात, म्हणजे त्याचा जाच एकीच्याच वाट्याला येत नाही.

व्हिक्टोरिया सरोवराची कथा मात्र वेगळी आहे. वॉरिंग्टन यांची बरणी एका नव्या प्राण्याने सावरली. हे सरोवर एका नव्या प्राण्याने उद्ध्वस्त केले. १९५० नंतरच्या दशकात तिथे नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडण्यात आला, मासेमारी वाढावी म्हणून. ती वाढलीही. परंतु १९८० नंतर त्याची संख्या अफाट झाली आणि जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या सुमारे दोनशे सिक्लिड जाती नाहीशा झाल्या असाव्यात, असा अंदाज आहे. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाचे संशोधक १९७० नंतरच्या दशकापासून तिथल्या म्वान्झा आखातात काम करीत होते. माशांची नोंद करता करता त्यांना मासेच नाहीसे होताना दिसले. त्या सरोवरातल्या काही जाती पुढे प्राणिसंग्रहालयांत आणि हौशी माणसांच्या काचेच्या पेट्यांत पिढ्यान्‌पिढ्या जगविल्या गेल्या.

बाहेरून मासा आणून सोडण्याचा हा खटाटोप आपणही केला आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकेचा तिलापिया हा सिक्लिडच, आणि उजनीच्या धरणावर लोक त्याला चिलापी म्हणतात. आपले स्वतःचे सिक्लिड निराळे. गोव्यात कालुंदर आणि केरळात करिमीन म्हणतात तो एक. केरळाने २०१० मध्ये त्याला राज्यमासा केले. त्याचा धाकटा नातलग, दक्षिण भारत व श्रीलंकेतला नारिंगी ठिपकेदार मासा, जेमतेम तीन इंचांचा असतो आणि घरच्या पेटीत सुखाने राहतो. नवरा-बायको मिळून दगडावर अंडी घालतात, दोघे आळीपाळीने परांनी वारा घालतात, आणि पिले फुटली की ती आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव चाटतात. १९६७ मध्ये अभ्यासकांनी याचे रीतसर वर्णन केले. आमच्या पेटीत हे प्रथम घडले तेव्हा मुलांना वाटले, पिले आईला चावताहेत. ती उठून मला बोलवायला आली, तोवर बापाने वळून पिलांचा घोळका आपल्या बाजूला घेतला होता.