वेल्समधील स्लेट खाणी

वायव्य वेल्समधील स्नोडोनिया या डोंगराळ भागातील पाटीच्या दगडाचा खाणउद्योग व त्यातून घडलेला भूप्रदेश. २०२१ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. हा दगड छिन्नीने पातळ, सपाट पापुद्र्यांत फुटतो, म्हणून छपरांसाठी त्याला दूरदूरच्या देशांतून मागणी असे. एकोणिसाव्या शतकाअखेर सुमारे १७,००० कामगार या उद्योगात होते. ब्लायनाय फेस्टिनियोग येथील खाणींचा माल १८३६ पासून अरुंदमापी रेल्वेने पोर्थमडॉग बंदरात उतरे; भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्या वजनानेच धावत आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून नेत.

बेथेस्डाजवळची पेनरिन खाण वाढवणाऱ्या रिचर्ड पेनंटची संपत्ती जमैकातील गुलामांच्या श्रमांवर उभी होती. वारशाच्या कौतुकात हे विसरणे अन्यायाचे ठरेल. याच खाणीत १९०० ते १९०३ असा कामगारांचा तीन वर्षांचा संप चालला. ‘या घरात फितूर नाही’ अशा पाट्या संपकऱ्यांच्या खिडक्यांत लागल्या. कामगार हरले आणि गाव दुभंगले. तरीही खाणकामगारांनी जपलेली वेल्श भाषा ही या प्रदेशाची सर्वांत मोठी ठेव आहे. जेवणाच्या सुट्टीत ते ‘काबान’ नावाच्या खोपटात जमत. तिथे राजकारण, धर्म व कविता यांवर चर्चा रंगत. दगडाच्या धुळीने मात्र अनेकांची फुप्फुसे निकामी झाली.

डिनॉर्विक खाण १९६९ मध्ये बंद पडली. तिच्या कार्यशाळांत १९७२ पासून राष्ट्रीय स्लेट संग्रहालय आहे. पेनरिनमध्ये आजही दगड निघतो.