पाण्याची साक्ष

पाणी चांगले की वाईट, हे माणसाने हजारो वर्षे तीन इंद्रियांवर ठरवले. डोळ्यांना नितळ दिसले, नाकाला वास आला नाही आणि जिभेला गोड लागले की पाणी चांगले. आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवत, माठाच्या आत निवळीची बी घासत, पावसाळ्यात नळाच्या तोटीला फडके बांधत. या साऱ्या युक्त्या उपयोगाच्या आहेत. पण त्या पाणी नितळ करतात, निर्धोक करतात असे नाही. या दोहोंत फरक आहे हे जगाला कळायला एकोणिसावे शतक सरत यावे लागले. तो फरक कसा कळला आणि त्यातून पाणी तपासण्याची रीत कशी घडत गेली, याची हकिगत आज सांगायची आहे.

माझी सारी नोकरी पाण्याचे नमुने तपासण्यात गेली. एखाद्या विहिरीवर गेलो की गावातले वडीलधारे हमखास म्हणत, "साहेब, आमच्या पाण्यात काय बघायचंय? तळाला नाणं टाकलं तर छापा की काटा ते वरून दिसतंय!" त्यांचे म्हणणे खोटे नसे. पण रोगजंतू इतके लहान असतात, की पेलाभर पाण्यात लाखभर जंतू असले तरी त्या पाण्याच्या नितळपणात तसूभरही फरक पडत नाही.

जिभेचीही तीच गत. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची म्हणजे कॉलऱ्याची भयानक साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून दाखवून दिले, की मृत्यूंचा धागा त्या रस्त्यावरच्या एका हातपंपाशी जुळतो. या चौकशीत त्यांना एका विधवा बाईंची माहिती मिळाली. त्या राहायला दूर हॅम्पस्टेडला होत्या आणि तिथे साथ नव्हती. पण पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहत असल्यामुळे त्या पंपाच्या पाण्याची चव त्यांच्या जिभेवर बसली होती. म्हणून त्या पंपाचे बाटलीभर पाणी त्या रोज गाडीने मागवत. ३१ ऑगस्टला आलेले पाणी त्या प्यायल्या आणि दोन दिवसांत वारल्या. भेटीला आलेली त्यांची भाचीही ते पाणी पिऊन आपल्या घरी परतली आणि तीही दगावली. आवडीने मागवलेले पाणी होते ते!

पाण्यातून रोग पसरतो हे स्नो यांनी दाखवले, पण पाण्यात नेमके काय असते हे त्यांना दाखवता आले नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षे पाण्याची परीक्षा रसायनशास्त्रज्ञांच्या हाती राहिली. पाण्यात अमोनिया किती, नायट्रेट किती, यावरून त्यात कधीकाळी मैला मिसळला होता का, याचा ते अंदाज बांधत. दिशा बरोबर होती, पण त्या मैल्यातला जिवंत धोका अजून शिल्लक आहे की नाही, हे रसायनांवरून ठरत नव्हते.

ते दार उघडले रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी. जिलेटिनचा पातळ थर काचेवर पसरून त्यावर जंतू वाढवण्याची पद्धत त्यांनी १८८१ मध्ये मांडली. पाण्याचा थेंब त्या थरात मिसळला, की त्यातला प्रत्येक जंतू वाढून त्याचा एक डोळ्यांना दिसणारा ठिपका होतो. ठिपके मोजले की जंतू मोजले! १८८३ मध्ये कॉख पटकीचा शोध घेत आधी इजिप्तला आणि तिथून कोलकात्याला आले. तिथे रोग्यांच्या आतड्यात त्यांना स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू सापडला आणि पुढे १८८४ मध्ये तोच जंतू शहरातल्या एका तलावाच्या पाण्यातही मिळाला. त्या तलावाकाठचे लोक त्याच पाण्यात कपडे धूत आणि तेच पाणी पीत.

तरीही जगाला खरा धडा मिळाला तो १८९२ च्या ऑगस्टमध्ये हॅम्बुर्ग शहरात. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही एल्ब नदीवरची दोन शहरे एकमेकांना इतकी चिकटून होती, की काही ठिकाणी हद्द रस्त्यातूनच जाई. दोन्ही शहरे एल्बचेच पाणी पीत. हॅम्बुर्ग नदीच्या वरच्या अंगाला, तर आल्टोना खालच्या. म्हणजे हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळलेले पाणी आल्टोनाच्या वाट्याला येई. पण आल्टोना ते वाळूच्या थरांतून संथपणे गाळून घेई आणि श्रीमंत हॅम्बुर्ग मात्र नदीचे पाणी न गाळताच नळाला सोडी. तिथल्या गाळण्यांचे काम अजून पुरे व्हायचे होते. साथ आली तेव्हा हॅम्बुर्गमध्ये सुमारे साडेआठ हजार माणसे मेली. घाणेरडे पाणी उचलणाऱ्या आल्टोनात हा आकडा सुमारे तीनशेच राहिला. हद्दीवरच्या वस्तीत तर एका शहराचा नळ असलेल्या घरांत पटकी आणि शेजारी दुसऱ्या शहराचा नळ असलेल्या घरांत शांतता, असा प्रकार दिसला. हवा तीच, जमीन तीच. वेगळे होते ते फक्त पाणी.

यातून कॉख यांनी नियम घालून दिला. गाळलेल्या पाण्याच्या एका घनसेंटिमीटरमध्ये शंभरापेक्षा जास्त जंतू नसावेत आणि प्रत्येक गाळणीचे पाणी रोज तपासावे. त्याची गरज पुढच्याच हिवाळ्यात पटली. खुद्द आल्टोनात पटकीची छोटी साथ आली. कडाक्याच्या थंडीने एक गाळणी बिघडली होती आणि साथीच्या आधीच मोजणीचा आकडा वर चढलेला होता.

पण या मोजणीत एक उणीव होती. पाण्यात माती-पाल्यातले कितीतरी निरुपद्रवी जंतू असतात आणि तेही मोजले जात. मग सरळ पटकीचा किंवा विषमज्वराचा जंतूच का शोधू नये? अडचण अशी, की ते संख्येने थोडे असतात आणि सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. शिवाय विषमज्वराचा जंतू पोटात गेल्यावर ताप यायला आठ-पंधरा दिवस लागतात. रोगी दिसू लागल्यावर विहिरीकडे धावावे, तर चोर केव्हाच पळालेला असतो.

अशा वेळी साक्षीदार कामाला येतो. १८८५ मध्ये टिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या विष्ठेत एक जंतू पाहिला होता. तोच आजचा ई. कोलाय. प्रत्येक धडधाकट माणसाच्या आतड्यात तो मुक्कामाला असतो आणि ग्रॅमभर विष्ठेत कोट्यवधींच्या संख्येने बाहेर पडतो. त्यातले बहुतेक प्रकार आपल्याला काही करत नाहीत. मग शास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला. पाण्यात रोगाचा जंतू आहे का, असे न विचारता पाण्यात विष्ठा मिसळली आहे का, असे ते विचारू लागले. ई. कोलाय सापडला की विष्ठेला पाण्यापर्यंत वाट मिळाली, हे उघड झाले. आज त्या वाटेने निरोगी माणसाचा मैला आला असेल, उद्या रोग्याचा येईल.

साक्षीदाराला बोलते करण्याची युक्तीही सुरेख आहे. १८९० च्या दशकात थिओबाल्ड स्मिथ यांनी अमेरिकेत नळीत साखरेचे द्रावण घेऊन त्यात पाणी घालून ठेवायला सुरुवात केली. हे जंतू असले तर साखर आंबते आणि नळीत वायू जमतो. इंग्लंडमध्ये मॅकाँकी यांनी खाद्यात पित्तक्षार घातले. आतड्यातल्या जंतूंना पित्ताची सवय असते, बाहेरच्या पुष्कळशा जंतूंना ती सोसत नाही. म्हणजे नको ते पाहुणे दारातच अडतात. मॅकाँकींच्या नावाचे ते माध्यम आजही प्रयोगशाळांत रोज वापरले जाते. १९१४ मध्ये अमेरिकेने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या रेल्वेगाड्यांतल्या पिण्याच्या पाण्यासाठी या जंतूंची मर्यादा ठरवून दिली. आज आपल्या भारतीय मानकाचा दंडक असा आहे, की पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये.

हा साक्षीदार प्रामाणिक आहे, पण त्याला सगळेच दिसत नाही. याचा दाखला आपल्याच देशात घडला. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेतून उलटे सरकत वझिराबादच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. अधिकाऱ्यांच्या ते ध्यानात आले. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. विषमज्वर आणि आमांश वाढले नाहीत. वाटले, संकट टळले. पण डिसेंबर-जानेवारीत शहरात काविळीची लाट आली आणि सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. जंतू मेले होते, पण त्यांच्याहून चिवट असा एक विषाणू त्या मात्रेला पुरून उरला होता. त्याचे तेव्हा नावही कोणाला ठाऊक नव्हते. त्या साथीतल्या रोग्यांचा जपून ठेवलेला रक्तद्रव पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर तपासला आणि ही नेहमीची 'अ' प्रकारची कावीळ नव्हे, असे १९८० मध्ये दाखवून दिले. आज आपण तिला 'ई' प्रकारची कावीळ म्हणतो. गरोदर बाईच्या ती जिवावर बेतते.

म्हणजे तपासणीचा अहवाल चांगला आला तरी पाणी निर्धोक असेलच, असे नाही. त्यात आणखी एक गोष्ट वेळेची. नमुना घेताना आम्ही तोटी आधी ज्योतीवर तापवतो, मग पाणी थोडे वाहू देतो. निर्जंतुक बाटलीत थायोसल्फेट घातलेले असते, कारण क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहिला तर अहवाल खऱ्यापेक्षा चांगला येईल. मग बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून प्रयोगशाळेकडे निघायचे. तिथे उबवणपेटीत चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जातात. 'पिण्यास अयोग्य' असा शिक्का असलेला कागद गावी पोहोचेपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असते. हे शल्य या कामातल्या प्रत्येकाच्या मनात असते.

त्यावर एक साधा उपाय ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत निघाला. तिथल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक बाटली सुचवली. आत रसायनात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी असते. बाटलीत पाणी भरून उबेला ठेवायचे. विष्ठेबरोबर येणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि पाणी काळे पडते. ना सूक्ष्मदर्शक, ना वीज. काही भूजलात गंधकाचा अंश मुळातच असतो, तिथे ही बाटली चकवू शकते; म्हणून शंका आली की प्रयोगशाळा हवीच. पण खेड्यापाड्यांत तिने मोठे काम केले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यायचे ठरले, त्यांच्या हातीही अशाच बाटल्या आल्या.

पण काळी पडणारी बाटलीसुद्धा कालचेच पाणी सांगते. आजचे पाणी सांगते ती ओटी तपासणी. आपल्या गावचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडरीचे द्रावण घालतो आणि नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाहतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. मिनिटभराचे काम. शेवटच्या घरच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. तिथे रंग आला नाही, तर वाटेत कुठेतरी जलवाहिनी फुटली आहे, गटाराचे पाणी शिरते आहे, किंवा पावडर जुनी झाली आहे, असा संशय घ्यायचा आणि उत्तर मिळेपर्यंत पाणी उकळून प्यायचे. दिल्लीने दाखवले तसे क्लोरीनचेही हात अपुरे पडू शकतात. म्हणून पाण्याचा उगम मैल्यापासून दूर ठेवणे, ते नीट गाळणे, वाहिन्या सांभाळणे आणि मग क्लोरीन, असा एकामागे एक पहारा लागतो.

हे सारे जुन्या काळचे आहे असे कोणी समजू नये. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा आतड्याचा जंतू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. तिथल्याही घरोघरच्या पेल्यांतले पाणी डोळ्यांना नितळच दिसत असणार.

हॅम्बुर्गला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. तेव्हाचा नियम फक्त आकड्याचा नव्हता, रोज पाहण्याचा होता. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, 'रोज' हा शब्द मागे पडला. आपल्या वाड्यात, सोसायटीत, गावात टाकी शेवटची कधी धुतली, आज सकाळी ओटी घेतली का आणि शेवटच्या नळाला रंग आला का, एवढे तीन प्रश्न कोणालाही विचारता येतात. ते विचारायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)