मेट्रोपॉलिटन रेल्वेची ‘ए’ वर्गाची टँक इंजिने

लंडनमधील पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा भूमिगत लोहमार्ग १० जानेवारी १८६३ रोजी खुला झाला, तेव्हा त्यावर धावावयाची इंजिने कंपनीच्या मालकीची नव्हती. अभियंता जॉन फाउलर याने १८६१ मध्ये तापविलेल्या विटांतील उष्णतेवर चालणाऱ्या बिनधुराच्या इंजिनाचा प्रयोग केला होता. तो चाचणीतच फसला. त्या इंजिनास पुढे ‘फाउलरचे भूत’ असे उपहासाचे नाव पडले. मार्ग चालविण्याचे काम मग ग्रेट वेस्टर्न कंपनीकडे गेले. परंतु अवघ्या काही महिन्यांत उभय कंपन्यांचे बिनसले आणि ऑगस्ट १८६३ मध्ये तिने आपली इंजिने काढून घेतली. उसनी इंजिने आणून वेळ निभावली गेली.

या निकडीतून मँचेस्टरच्या बायर-पीकॉक कारखान्याकडे अठरा इंजिनांची मागणी गेली व ती १८६४ मध्ये मिळाली. त्यांचे श्रेय फाउलरला देण्याचा प्रघात आहे. तथापि याच कारखान्याने स्पेनमधील तुदेला-बिल्बाओ रेल्वेसाठी बांधलेल्या इंजिनांशी त्यांचे साम्य पाहता हा प्रघात तपासून घेणे अगत्याचे आहे. पुढे लहान चाकांची बिसेल गाडी, मागे ५ फूट ९ इंच व्यासाची चार चालक चाके, १७ इंची सिलिंडर ही मांडणी कारखान्याच्या हातची होती. ज्युपिटर, मार्स, जुनो अशी दैवतांची नावे या पहिल्या इंजिनांना मिळाली. सर्बेरस, म्हणजे पाताळाच्या दाराशी बसणारा श्वान, हे नाव त्यांत असावे हे मोठे समर्पक!

त्यांचे वैशिष्ट्य बाष्पसंघननाच्या योजनेत होते. बोगद्यात शिरताना झडप फिरवून सिलिंडरातून बाहेर पडणारी वाफ धुराड्याऐवजी बाजूच्या पाण्याच्या टाक्यांत सोडली जाई. येथेच खरी अडचण होती. धुराड्यातून वाफेचा झोत न गेल्यास भट्टीस हवेची ओढ मिळत नाही, विस्तव मंदावतो आणि दाब उतरतो. शिवाय टाकीतील पाणी तापत गेले की वाफ विरेनाशी होते. म्हणून ते पाणी वारंवार बदलावे लागे. नियम पाळावा तर गाडी रेंगाळते आणि न पाळावा तर बोगदा कोंदतो, असा पेच इंजिनचालकापुढे प्रत्येक फेरीत उभा राही. मूळ दोष याहूनही खोल होता. संघननाने वाफ आवरली जात होती, ज्वलनातून निघणारे वायू नव्हेत. आरंभी कोक जाळण्यात येई. त्याने धूर कमी झाला, पण गुदमरविणारे वायू तसेच राहिले. पुढे वेल्सचा कोळसा आला आणि छतास झरोके पाडावे लागले. १८९७ मध्ये बोर्ड ऑफ ट्रेडने या प्रश्नावर समिती नेमली.

असे असूनही हा नमुना टिकला. त्यात थोडेफार फेरफार होत राहिले आणि मेट्रोपॉलिटन व डिस्ट्रिक्ट या दोन्ही कंपन्यांसाठी मिळून अशी १२० इंजिने बांधण्यात आली. १९०५ मध्ये विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि त्यांपैकी बहुतेकांची गरज सरली. १८६६ मधील २३ क्रमांकाचे इंजिन मात्र बकिंगहॅमशरमधील ब्रिलच्या फाट्यावर, उघड्या शेतांतून, तो १९३५ मध्ये बंद होईपर्यंत धावत होते. १९४८ मध्ये ते सेवेतून निघाले व पुढे लंडनच्या परिवहन संग्रहालयात ठेवण्यात आले.