लाल किरणाचे मदतनीस

थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. तो लखकन चमके आणि विझे. अखंड वाहणारा किरण मिळाला त्याच वर्षी १२ डिसेंबरला, न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत. तेहरानमध्ये जन्मलेले अली जावान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट यांनी तो वायूच्या नळीतून मिळवला. प्रकाश निऑनचा, म्हणून मान निऑनला मिळतो. पण या लेसरची घडण पाहू गेल्यास खरा भार स्वतः न चमकणाऱ्यांनी उचललेला दिसतो.

पहिला मदतनीस हेलियम. नळीत निऑनच्या साधारण दहापट हेलियम असतो. विजेच्या प्रवाहातले इलेक्ट्रॉन त्याच्या अणूंवर आदळून त्यांना ऊर्जा देतात. ती प्रकाशरूपाने टाकून देणे हेलियमला सहजी जमत नाही. तो ती बाळगून फिरतो. निऑनची एक ऊर्जापातळी जवळजवळ तेवढ्याच उंचीवर आहे, त्यामुळे टक्कर होताच ही ठेव निऑनकडे जाते. वरच्या पातळीवर गर्दी आणि खालची मोकळी, अशी स्थिती आली की एक प्रकाशकण आपल्यासारखाच दुसरा बाहेर काढतो. दोन टोकांचे आरसे त्यांना पुन्हा पुन्हा नळीतून फिरवतात. जावान यांचा किरण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा होता. ६३२.८ नॅनोमीटरचा परिचित लाल किरण १९६२ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील ॲलन व्हाइट आणि डेन रिग्डेन यांनी मिळवला.

दुसरा मदतनीस वीजपुरवठ्यातला. विझलेल्या नळीतला वायू वीज वाहू देत नाही. लहान नळी पेटवायलाही ७ ते १० हजार व्होल्ट लागतात. एकदा वाट फुटली की प्रवाह वाढेल तसा वायूचा विरोध घटतो आणि प्रवाह आणखी वाढू पाहतो. मोकळा सोडला तर नळी तरी जळेल, नाहीतर पुरवठा. म्हणून धनाग्राशी सुमारे ७५ हजार ओहमचा रोधक जोडतात. प्रवाह वाढला की अधिक व्होल्ट रोधकच खातो, नळीच्या वाट्याला कमी उरतात आणि प्रवाह ५ मिलिअँपिअरच्या आसपास स्थिरावतो. पेटवणारी डायोड-कपॅसिटरची शिडीही अशीच समंजस. तिचे कपॅसिटर इतके लहान, की प्रवाह सुरू होताच तिचा जोर आपोआप ओसरतो आणि मुख्य पुरवठा तिच्याच डायोडांतून पुढे जातो.

रोधकात जवळजवळ २ वॅट नुसते तापण्यात जातात. किरण मिळतो एखाद्या मिलिवॅटचा. तरी अशाच किरणाने २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमच्या पुड्यावरचा बारकोड वाचला.

बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल याच बेल प्रयोगशाळेत होते. १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेसर सिद्ध केला. पुढे पोलाद कापू लागलेल्या या लेसरमध्ये हेलियमचे जुने काम नायट्रोजन करतो. तोही ऊर्जा आणून देतो आणि स्वतः अंधारात राहतो.