घरातला पहिला हनुक्का: एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

हनुक्का या ज्यूंच्या सणासाठी किमान काय लागते, याचे उत्तर ताल्मुद या त्यांच्या धर्मग्रंथाच्या ‘शब्बात’ या भागात अगदी आटोपशीर दिले आहे: दर रात्री एका घराला एक दिवा. सिनगॉग नको, धर्मगुरू नको, सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही नकोत. ज्यांना अधिक करायचे असेल त्यांनी घरात जितकी माणसे तितके दिवे लावावेत. त्याहूनही हौशी मंडळींसाठी दोन मते आहेत. शम्मायचे अनुयायी म्हणतात, पहिल्या रात्री आठ लावून रोज एक कमी करावा. हिल्लेलचे म्हणतात, एकापासून आठापर्यंत चढत जावे. आज जगभर हिल्लेलचा क्रम चालतो. आठ रात्रींचे मिळून ३६ दिवे, शिवाय ते पेटवायला रोज एक ‘शमाश’, म्हणजे सेवक-दिवा, अशा ४४ मेणबत्त्या लागतात. धर्मनियमाला मात्र पहिली पायरीही चालते, आणि त्या पायरीवर मोजायचे माप घर हे आहे.

ज्या घरात हा सण कधी झाला नव्हता तिथे तो एके वर्षी कसा सुरू होतो, पुढाकार कोण घेते, हाताशी काय असते, आणि दुसऱ्या वर्षी त्यातले काय टिकते, हे या अभ्यासक्षेत्राचे मुख्य प्रश्न. एरवी सणांचा अभ्यास म्हणजे मूळ शोधणे, अशी आपली समजूत असते. हनुक्क्याच्या बाबतीत मूळ फारसे गूढ नाही. सेल्युकिड राजा चौथा अँटिओकस याच्या काळात जेरुसलेमचे मंदिर विटाळले गेले, मक्काबी घराण्याने बंड केले आणि इ.स.पू. १६४ मध्ये मंदिराचे पुन्हा शुद्धीकरण झाले. हे सांगणारे मक्काबींचे ग्रंथ हिब्रू बायबलात नाहीत. त्यांत आठ दिवसांचा उत्सव आहे, पण एका दिवसापुरते तेल आठ दिवस जळल्याची कथा नाही. ती काही शतकांनी ताल्मुदात येते. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस या सणाला ‘दिवे’ म्हणतो आणि नावाचे कारण चक्क अंदाजाने सांगतो. तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, या घटनांच्या आधीचा; त्यात या सणाची आज्ञा असणे शक्यच नव्हते. त्यामुळे तो प्रत्येक ज्यू समाजात कधी ना कधी नव्यानेच आला आहे, आणि ‘पहिल्यांदा’ हा शब्द इथे अपवादाचा राहत नाही.

मराठी वाचकाला तर या क्षेत्राचे सर्वात मोठे प्रकरण उंबऱ्यातच भेटते. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे वंशज कोकणात गावोगाव पसरले. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. ग्रंथ गेले, हिब्रू गेली. ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि काही सण-उपवास राहिले. हनुक्का त्यांत नव्हता. तेलाच्या चमत्काराचा सण तेल्यांनाच ठाऊक नसावा, हा इतिहासाचा खट्याळपणा म्हणायचा.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून निघायला १९३७ साल उजाडले, आणि तेही तेल अवीवमध्ये. त्यांनी या अभावावरून काळ ठरवला: हनुक्का माहीत नाही, म्हणजे पूर्वज मक्काबींच्या बंडाआधीच मायदेशातून निघाले असणार. तर्क देखणा आहे आणि आजही तो जिथे तिथे आढळतो. मला तो पटत नाही. ज्यांनी पोथ्या आणि भाषा गमावली त्यांनी एक सणही गमावला असेल, इतकी साधी शक्यता त्यात धरलेलीच नाही. केहिमकरांनी नोंदवलेली सणांची नावेच पाहा: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण. पुरिम या सणाला तर होळीचा सण म्हणत. जे टिकले त्याला स्वयंपाकघराचा, दाराचा किंवा शेजारच्या सणाचा आधार होता. हनुक्क्याला ताल्मुदाने ना उपवास दिला, ना ठरावीक पक्वान्न. दिवा आणि तिथी एवढेच. हनुक्का सुरू होतो ती ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याची २५ तारीख कोणती हे सांगणारा कोणी नसेल तर असा सण पुसला जायला दोन पिढ्याही पुरतात. हा माझा तर्क आहे आणि तो खोडून काढता येईल; पण तो खोडायला कागदपत्रांइतकेच घरांकडे जावे लागेल, हे त्यातले मला आवडणारे अंग.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, सण आला कसा. इथे वाटा अनेक आहेत. दावीद राहाबी या कोचीनच्या गुरूने कोकणात धर्मशिक्षण दिले आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांतून काजी, म्हणजे धर्मविधी चालवणारे, तयार केले, अशी परंपरा आहे. राहाबी नेमका कोण आणि कोणत्या शतकातला, याचा वाद अजून मिटलेला नाही. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सिनगॉग बांधले. १९ व्या शतकात कोचीनचे शिक्षक आले, बगदादी ज्यू मुंबईत स्थिरावले, मिशनऱ्यांनी धर्मांतराच्या आशेने हिब्रू शिकवली आणि शिकणाऱ्यांनी ती घेऊन स्वतःचाच धर्म पक्का केला. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. केहिमकरांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली. यांतल्या कोणत्या वाटेने दिवा पेणच्या किंवा रेवदंड्याच्या घरात पोचला? बगदादी पद्धतीची, काचेच्या वाट्या बसवलेली पितळी चौकट घेऊन, की घरातल्याच पणत्या रांगेत मांडून? आशीर्वचने हिब्रूत म्हणणारे घरात कोणी होते का? पहिल्या रात्री तीन आशीर्वचने असतात, पुढे दोन. त्यातले तिसरे, या वेळेपर्यंत आम्हाला जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानणारे, पहिल्यांदाच सण करणाऱ्या घरात कसे ऐकू आले असेल?

तेलाची अडचण मात्र आली नसणार. सर्व तेले चालतात, ऑलिव्हचे उत्तम, असा निर्वाळा ताल्मुदातच आहे. शब्बाथच्या दिव्याच्या चर्चेत एक पंडित ऑलिव्हचाच हट्ट धरतो, तेव्हा दुसरा उठून विचारतो: मग बाबिलोनियात तिळाच्या तेलाशिवाय काही नाही, त्यांनी काय करायचे? खोबरेलाचा तिथे उल्लेख नाही, पण प्रश्न कोकणालाही लागू पडतो.

इथियोपियातील बेता इस्राएल समाजातही हनुक्का नव्हता. १९८४-८५ आणि १९९१ च्या मोठ्या हवाई मोहिमांनी ही माणसे इस्राएलमध्ये आली आणि हा सण त्यांना तिथे भेटला. बेने इस्राएलांच्या बाबतीत जे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी झाले ते इथे हयात माणसांच्या आठवणीत आहे. दोन्ही समाज शेजारी ठेवून पाहणारा अभ्यास मोलाचा ठरेल.

अमेरिकेची गोष्ट वेगळी, आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. डायॅन अ‍ॅश्टन यांचे ‘हनुक्का इन अमेरिका’ (२०१३) जरूर वाचावे. १८७० च्या आसपास सिनसिनाटीतल्या दोन धर्मगुरूंनी, आयझॅक मायर वाइझ आणि मॅक्स लिलिएन्थाल यांनी, मुलांसाठी सिनगॉगमध्ये हनुक्क्याचा समारंभ सुरू केला. नाताळच्या झगमगाटात ज्यू मुले हिरमुसू नयेत ही काळजी त्यामागे होती. भेटवस्तूंचा मारा पुढचा. खाण्याच्या आणि खेळाच्या जिनसाही अशाच जमत गेल्या: लाट्के, म्हणजे तळलेले बटाट्याचे थालीपीठ, बटाटा युरोपात रुळल्यानंतरचे, हनुक्क्यात खेळायचा चार बाजूंचा भोवरा युरोपातल्या जुगारी खेळातून आलेला. नव्याने सण करणाऱ्या घरांना हे सांगितले की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

दिवा ठेवायचा कुठे, हाही नुसता तांत्रिक प्रश्न नव्हे. मूळ नियम दाराबाहेर ठेवण्याचा, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने खिडकीत. धोक्याच्या काळात आत टेबलावर ठेवला तरी चालतो. १९३१ मध्ये जर्मनीतील कील शहरात धर्मगुरू आकिवा पोझ्नर यांच्या पत्नी राखेल यांनी आपल्या खिडकीतल्या हनुक्का-दिव्याचे छायाचित्र घेतले. समोरच्या इमारतीवर नाझी ध्वज दिसतो. नियमात ज्याला धोक्याचा काळ म्हटले आहे तो दारात येऊन ठेपला होता, आणि या घराने दिवा खिडकीतच ठेवला. मोर्देखाय नार्किस यांचे १९३९ चे हनुक्का-दिव्यांवरचे पुस्तक वस्तूंच्या अभ्यासाचा पाया मानतात. पण दिवा वस्तू म्हणून पाहताना तो कोणत्या खिडकीत होता हे विचारायला विसरू नये.

नव्या अभ्यासकाला दोन सूचना. एक, दिवाळीची तुलना सांभाळून करावी. हनुक्क्याच्या आठ रात्रींच्या मध्येच अमावास्या येते, दोन्हीकडे तेल आहे, दोन्हीकडे दारात उजेड आहे. पण हनुक्क्याचा दिवा उजेडासाठी वापरायचा नाही, त्याच्या प्रकाशात वाचायचे किंवा पैसे मोजायचे नाहीत. तो केवळ पाहायचा. साम्य पाहून थांबणारे लेख आपल्याकडे भरपूर झाले. दोन, स्त्रियांना विचारा. त्याही त्या चमत्कारात होत्या, म्हणून दिवा लावण्याचे कर्तव्य त्यांच्यावरही आहे, असे ताल्मुद स्पष्ट सांगते, आणि तरी आपली साधने बहुतेक पुरुषांनी लिहिलेली आहेत.

मराठी येणे हे इथे मोठे भांडवल आहे. बेने इस्राएलांची जुनी प्रार्थनापुस्तके आणि नियतकालिके मराठीत आहेत, आणि ज्या आज्यांच्या माहेरी हनुक्का नव्हता किंवा नुकताच सुरू झाला होता त्यांच्याकडून ऐकलेले सांगू शकणारी माणसे ठाण्यात, मुंबईत, पुण्यात, तशीच अश्दोद, लोद आणि दिमोना येथेही आहेत. त्यांतली पुष्कळ वृद्ध आहेत. ज्यांच्या ओळखीत असे घर असेल त्यांनी या डिसेंबरची वाट न पाहता तिथे जावे, बोलणे मराठीतच टिपून घ्यावे, दिव्याचे छायाचित्र काढावे, आणि त्या नोंदीची एक प्रत त्या घरात ठेवून यावी.