मगनवाडींतील संवाद आणि गर्भाचा हक्क

सन १९३५ च्या डिसेंबर महिन्याच्या आरंभीं, एका सोमवारीं, अमेरिकेंतील संततिनियमनाच्या चळवळीच्या प्रणेत्या मार्गारेट सँगरबाई वर्ध्यास मगनवाडींत येऊन पोंचल्या. सोमवार हा गांधीजींच्या मौनाचा वार. ज्या प्रश्नासाठीं बाईंनीं आपल्या देशांत वीस वर्षें झुंज दिली आणि १९१७ सालीं महिनाभर तुरुंगवासही भोगला, त्या प्रश्नावर या पुरुषाचा अभिप्राय ऐकावयास त्या समुद्र ओलांडून आल्या होत्या. आणि त्यांचें पहिलें स्वागत झालें तें एका हसतमुख मौनानें! बोलणें झालें तें दुसऱ्या दिवशीं. महादेवभाई देसाई यांनीं त्याचा वृत्तांत लिहून ठेविला व तो १९३६ च्या जानेवारींत ‘हरिजन’ पत्रांत प्रसिद्ध झाला.

मगनवाडीचें त्या वेळचें स्वरूप ध्यानांत घेतल्यावांचून या संवादाचा रंग कळावयाचा नाहीं. शेठ जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या या बागेंत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें नुकतेंच बसलें होतें. तेलाची घाणी, हातकागद, मधमाशा, हातसडीचे तांदूळ यांचे प्रयोग तेथें अहर्निश चालत. मनुष्यानें आपल्या गरजा कशा कमी कराव्या, हाच त्या सर्व प्रयोगांमागील प्रश्न. अशा ठिकाणीं वासना कायम ठेवून तिचें फळ मात्र टाळण्याची साधनें सुचविणें म्हणजे उपवासाच्या दिवशीं फराळाचे पदार्थ वाढण्यासारखेंच होतें. बाईंना ही कल्पना नव्हती असें नाहीं. परंतु गांधीजींचा एक शब्द अनुकूल पडला तर हिंदुस्थानांतील लक्षावधि स्त्रियांपर्यंत आपलें म्हणणें पोंचेल, ही आशा त्यांना तेथवर घेऊन आली.

गांधीजींचें म्हणणें थोडक्यांत असें : स्त्रीपुरुषांचा संग केवळ अपत्यासाठीं असावा, अपत्याची इच्छा नसेल तर संगही नसावा, आणि पति ऐकत नसेल तर स्त्रीनें त्याला स्पष्ट नकार देण्यास शिकावें. आपल्या पत्नीच्या ठायीं आपण सर्व स्त्रीजातीचा अभ्यास केला, असेंही ते म्हणाले. १९०६ सालीं त्यांनीं घेतलेलें ब्रह्मचर्यव्रत या बोलण्यामागें उभें होतें. सँगरबाईंचा आक्षेप असा कीं, परस्परांवर प्रेम करणाऱ्या दांपत्याला वर्षानुवर्षें असें वेगळें राहावयास सांगणें हें थोड्यांना साधेल, बहुतांना नाहीं. आणि जी नकार देऊं पाहील तिच्या संसाराचें काय होईल? ऋतुचक्रांतील निर्धोक मानलेल्या दिवसांची गोष्ट निघाली तेव्हां तो मार्ग आपल्याला कृत्रिम साधनांइतका त्याज्य वाटत नाहीं, एवढी सूट गांधीजींनीं दिली. याहून पुढें ते गेले नाहींत. त्यानंतर थोड्याच दिवसांत रक्तदाबानें ते अंथरुणास खिळले, आणि सँगरबाई त्रिवेंद्रमच्या अखिल भारतीय महिला परिषदेस निघून गेल्या.

या संवादाची आठवण पुष्कळ वेळां काढली जाते, आणि ती एक तर संयम विरुद्ध साधनें अशी, नाहीं तर पूर्व विरुद्ध पश्चिम अशी मांडण्यांत येते. मला त्यांत निराळेंच कांहीं दिसतें. ज्या एका गोष्टीविषयीं या दोघांचा मुळींच मतभेद नव्हता ती गोष्ट म्हणजे गर्भपात. गांधीजींच्या मतें तो उघड उघड गुन्हा होता. आणि सँगरबाईंची सारी चळवळच गर्भपाताच्या भयांतून जन्मली होती. १९१२ सालीं न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींत परिचारिका म्हणून हिंडतांना एका मजुराच्या बायकोला स्वतःच्या हातानें गर्भ पाडण्याच्या खटपटींत मरतांना आपण पाहिलें, अशी हकीकत त्या आत्मचरित्रांत सांगतात; १९१६ सालीं ब्रुकलिनमध्यें त्यांनीं उघडलेल्या पहिल्या चिकित्सालयाच्या जाहिरातींत आयांना उपदेश होता तो, जीव घेऊं नका, आधींच प्रतिबंध करा, असा. म्हणजे एक जण संयमानें आणि दुसरी साधनानें, पण दोघेंही गर्भाचाच घात टाळूं पाहात होतीं. मग जिचा संयम पतीनें मोडला आणि जिला साधन मिळालें नाहीं, ती आधींच गरोदर असलेली स्त्री कोठें गेली? मगनवाडींत तिच्याविषयीं वाद झाला नाहीं. तिचा प्रश्न दोघांच्याही उत्तरांच्या मधल्या फटींतून निसटला.

हा निसटण्याचा इतिहास जुना आहे. आपल्या धर्मशास्त्रांत भ्रूणहत्या हें घोर पातक. ज्या कर्मांनीं स्त्री हमखास पतित होते त्यांत याज्ञवल्क्यानें गर्भपातन घातलें तें पतिहत्येच्या शेजारीं. वैद्यकाची दृष्टि किंचित् निराळी. मूढगर्भाची चिकित्सा सांगतांना सुश्रुत बजावतो कीं, जिवंत गर्भावर शस्त्र चालवूं नये, कारण त्यानें आई व मूल दोघांचाही नाश होतो. गर्भ मृत असेल तर मात्र क्षणाचाही विलंब करूं नये, कारण तो आईचा प्राण घेतो. धर्मशास्त्रकार गर्भाकडे पाहतो तेव्हां त्याला पाप दिसतें. वैद्य पाहतो तेव्हां त्याला दोन जीव दिसतात. व्यवहारशास्त्रानें आणखी एक गोष्ट केली : वाटणीच्या वेळीं जो मुलगा पोटांत असेल त्यालाही वडिलार्जितांत भाग ठेवला. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यांतही गर्भस्थ अपत्याचा हक्क मान्य आहे, पण एका अटीवर : तें जिवंत जन्मास आलें पाहिजे. गर्भाचे हक्क ही कल्पना परकीयांकडून आली असें मानणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें. आणि तो हक्क जन्मापूर्वींच पूर्ण होतो असें मानणाऱ्यांनीं ती अटही विसरूं नये.

इंग्रजांनीं १८६० सालीं दंडसंहिता केली तींत ३१२ वें कलम आलें. आईचा प्राण वांचविण्याच्या शुद्ध हेतूवांचून गर्भपात घडविणाऱ्यास तीन वर्षें, आणि गर्भाची हालचाल जाणवूं लागल्यानंतर घडविल्यास सात वर्षेंपर्यंत कैद. स्वतः गर्भ पाडणारी स्त्रीही याच कलमाखालीं अपराधी, हें खालच्या स्पष्टीकरणांत मुद्दाम सांगितलें आहे. पण जो पुरुष तिला या अवस्थेस आणून सोडून गेला त्याचें नांव त्या कलमांत कोठेंच नाहीं. याज्ञवल्क्य आणि मेकॉले यांच्यामध्यें शतकांचें अंतर, परंतु या एका बाबतींत दोघांचें नवल वाटावें इतकें एकमत.

त्या कलमाच्या छायेंत महाराष्ट्रांतील विधवा कशा जगल्या हें पाहावयाचें असेल तर जोतीराव फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत उघडलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाकडे पाहावें. वांकडें पाऊल पडलेल्या विधवेनें गुपचूप यावें, बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवून जावें. कोणी नांव विचारणार नाहीं. सावित्रीबाईंनीं त्या बायकांचीं बाळंतपणें केलीं, आणि तेथेंच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, फुले दांपत्यानें पोटचें मूल मानून दत्तक घेतलें. तो पुढें डॉक्टर झाला. गर्भाची बाजू घेणाऱ्या माणसांत फुल्यांइतका सच्चा मला दुसरा कोणी दिसत नाहीं. कारण त्यांनीं गर्भाचा हक्क आईवर लादला नाहीं, तो समाजावर लादला. मूल जगावें असें वाटत असेल तर आईला तोंड दाखवावयास जागा ठेवा, हें त्यांनीं व्याख्यानानें न सांगतां घराचें दार उघडून सांगितलें. १८८१ सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली (ती पुढें कमी करण्यांत आली), आणि त्या निमित्तानें वृत्तपत्रांतून सर्व विधवांच्या शीलावर राळ उडाली. तेव्हां वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांनाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. ३१२ व्या कलमांत ज्याचें नांव नाहीं त्याचें नांव ताराबाईंनीं घेतलें.

विसाव्या शतकांत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं तोच धागा निराळ्या टोंकानें उचलला. १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, आणि त्यापायीं प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटलेही झाले. एका खटल्यांत त्यांची बाजू मांडावयास डॉ. आंबेडकर उभे राहिले. आंबेडकरांच्याच पक्षाच्या रोहम यांनीं १९३८ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. वर्ध्याचें वारें मात्र उलट्या दिशेनें वाहात राहिलें. पवनारास विनोबांनीं कृत्रिम साधनांना शेवटपर्यंत विरोधच केला, आणि १९५९ सालीं ब्रह्मविद्या मंदिर स्थापून स्त्रियांच्या ब्रह्मचर्यालाच एक स्वतंत्र आश्रम दिला. मातृत्व नाकारण्याचा स्त्रीचा अधिकार विनोबा मानीत होतेच. त्यांच्याजवळ तो संन्यासाच्या वेषांत होता, एवढेंच.

आणि तरीही या कथेचें पुढचें वळण वर्ध्याशींच येऊन जुळतें. गांधीजींच्या निकटच्या वैद्य सुशीला नय्यर १९६२ ते १९६७ या काळांत केंद्र सरकारांत आरोग्यमंत्री होत्या. त्यांच्याच कारकीर्दींत, १९६४ सालीं, गर्भपाताच्या कायद्याचा विचार करण्यासाठीं महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. १९६६ च्या डिसेंबरांत तिचा अहवाल आला. १९७१ सालीं कायदा झाला व १ एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला. सुशीलाबाईंनीं १९६९ सालीं सेवाग्रामास महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभारली. गांधीजींच्या कुटीपासून हांकेच्या अंतरावर भावी डॉक्टर हा कायदा अभ्यासूं लागले, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.

त्या कायद्यांत सँगरबाईंचें साधनही एका कोपऱ्यांत येऊन बसलें आहे. विवाहित स्त्रीचें संततिनियमनाचें साधन निकामी ठरून गर्भ राहिला, तर त्या मनस्तापानें तिच्या मनाच्या आरोग्यास गंभीर इजा होते असें गृहीत धरावें, असें तो सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीनें ‘विवाहित’ ही मर्यादा गेली, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचें मत पुरेसें झालें, व कांहीं स्त्रियांसाठीं मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली. पण मूळची बैठक बदलली नाहीं. गर्भपात हा तत्त्वतः गुन्हाच, आणि हा कायदा त्याला अपवाद. स्त्रीनें मागावयाचें आणि डॉक्टरनें ठरवावयाचें. जुन्या दंडसंहितेच्या जागीं २०२४ सालीं भारतीय न्याय संहिता आली, तींतही तें कलम आंकडा बदलून आलें आहे.

मध्यंतरीं एका यंत्रानें सारा वादच गढूळ केला. गर्भजलाची व पुढें ध्वनिलहरींची तपासणी करून मुली पोटांतच मारण्याचा धंदा फोफावला, तेव्हां त्याविरुद्ध पहिला कायदा १९८८ सालीं महाराष्ट्रानेंच केला. केंद्राचा त्यानंतर, १९९४ सालीं. हें करणें अवश्यच होतें. परंतु त्या चळवळींत ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द घरोघर गेला, आणि त्याच्या शेंपटाला बांधून याज्ञवल्क्याचें जुनें पातकही गेलें. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणारें घर आणि आपल्या देहावर बलात्कारानें लादलेला गर्भ नको म्हणणारी मुलगी यांना एकाच शब्दानें हांक मारतां येऊं लागली. भाषेच्या या आळसाची किंमत कायद्याचा आधार असलेल्या स्त्रियांनाही मोजावी लागते. सरळ दारानें यावयास त्या भितात.

२०२२ च्या जानेवारींत वर्धा जिल्ह्यांतील आर्वी येथें तेरा वर्षांच्या एका मुलीच्या बेकायदा गर्भपाताची फिर्याद झाली. पोलिसांनीं एका खासगी रुग्णालयाच्या आवारांतील गोबरगॅसचा खड्डा खणला, आणि त्यांतून भ्रूणांच्या अकरा कवट्या व चोपन्न हाडें निघालीं. वर्तमानपत्रें कित्येक दिवस त्या आंकड्यांनीं भरून गेलीं. कवट्या मोजल्या गेल्या. त्या ज्या अकरा गर्भाशयांतून आल्या त्यांच्या मालकिणी कोण, त्या आपण होऊन आल्या कीं आणल्या गेल्या, हें विचारणारे थोडे. आणि मूळची ती मुलगी? तिच्या वयाच्या मुलीला चोवीस आठवड्यांपर्यंत सरकारी रुग्णालयांत विनामूल्य व उजळ माथ्यानें गर्भपात करून घेण्याची वाट तीन-साडेतीन महिन्यांपूर्वींच, २४ सप्टेंबर २०२१ रोजीं, कायद्यानें अधिक रुंद केली होती. पण त्या वाटेवर दुसराच एक कायदा उभा होता : अल्पवयीन मुलीची गोष्ट डॉक्टरच्या कानीं गेली कीं पोलिसांना वर्दी देणें त्याला भाग, आणि वर्दी गेली कीं गांवभर नांव. फुल्यांच्या घरांत जें विचारलें जात नसे तेंच येथें आधीं विचारलें जाणार.

त्याच वर्षाच्या २९ सप्टेंबरास सर्वोच्च न्यायालयानें दिलेला निकाल अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांचा हक्क देणारा म्हणून गाजला. त्यांतच आणखी एक लहानसा भाग आहे : अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठीं आली, तर तिची व तिच्या पालकांची तशी विनंती असल्यास, वर्दी देतांना डॉक्टरनें तिचें नांव व ओळख कळविण्याचें कारण नाहीं. आर्वीचा खड्डा खणला गेल्याला तेव्हां आठ महिने होऊन गेले होते.