ॲनिमे मालिकांची निवड : प्रेक्षकाच्या आवडीनुसार

जपानमध्ये तयार होणाऱ्या ॲनिमेशन मालिकांपैकी कोणती मालिका कोणाला सुचवावी, हा या नोंदीचा विषय आहे. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर शहरातला बुधवारा आणि त्याला लागून रावेर-भुसावळकडे पसरलेला खानदेशी मराठी पट्टा येथे डोळ्यांसमोर ठेवला आहे. या गावात मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती शेजारी शेजारी बोलल्या जातात. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेजारी उर्दू असलेल्या प्रेक्षकाला नाव सुचवताना दोन गोष्टी आधी विचाराव्या लागतात : तो कोणत्या भाषेत पाहणार आहे, आणि आजवर त्याला कशाची गोडी लागली आहे. लोकप्रियतेच्या याद्यांतून या दोन्हींचे उत्तर मिळत नाही. त्यामुळे सगळ्यांना सरसकट ‘नारुतो’ सुचवला जातो आणि दहा भागांत कंटाळलेला प्रेक्षक या सगळ्याच प्रकारावर फुली मारतो.

या भागातल्या चाळिशीच्या पिढीला ॲनिमे नवीन नाही, फक्त त्याचे नाव तेव्हा ठाऊक नव्हते. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी ‘द जंगल बुक’ ही निप्पॉन ॲनिमेशनची 52 भागांची जपानी मालिका होती. हिंदी आवृत्तीचे शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. किपलिंगच्या मोगलीचे रान मध्य प्रदेशातल्या सिवनीचे. ते जपानी चित्रकारांच्या हातून रेखाटले जाऊन पुन्हा मध्य प्रदेशातल्या घरांत पोहोचले. युगो साको आणि राम मोहन यांनी केलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपटही त्याच काळातला, तो जानेवारी 2025 मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. नंतर हंगामा वाहिनीवर ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ आले. 2004 मध्ये ॲनिमॅक्स ही केवळ ॲनिमेसाठीची वाहिनी भारतात सुरू झाली आणि 2017 मध्ये बंद पडली. 2012 मध्ये कलर्सवर आलेली ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही 1960च्या दशकातल्या बेसबॉलवरच्या प्रसिद्ध जपानी मालिकेची क्रिकेटमध्ये बसवलेली आवृत्ती होती. तिचा नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला. ऑक्टोबर 2019 मध्ये मकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, तो येथल्या प्रेक्षकांनी सह्यांची मोहीम चालवून मागणी केल्यानंतर. या घटनेनंतर मोठे ॲनिमे चित्रपट भारतात नियमाने येऊ लागले.

शिफारस करताना विषयाइतकीच लांबी महत्त्वाची. मालिकेचा एक भाग साधारण 24 मिनिटांचा असतो आणि त्यातली तीनेक मिनिटे सुरुवातीच्या व शेवटच्या गाण्यांत जातात. जपानी दूरचित्रवाणीवर तीन महिन्यांच्या सत्रात बारा-तेरा भाग बसतात, म्हणून बहुतेक मालिका 12, 24 किंवा 25 भागांच्या असतात. बारा भाग म्हणजे पाच तासांहून कमी. याउलट ‘नारुतो’ आणि ‘नारुतो शिपुदेन’ मिळून 720 भाग, म्हणजे 288 तास होतात. शिवाय दर आठवड्याला छापली जाणारी चित्रकथा आणि दर आठवड्याला दाखवला जाणारा भाग यांच्या शर्यतीत मालिका पुढे निघून जाते आणि मूळ कथेत नसलेले भरतीचे भाग घालावे लागतात. नव्या माणसाला अशी मालिका देऊ नये. ती ज्याला आवडायची त्याला मित्रांकडून मिळतेच. पहिली मालिका पूर्ण झालेली, पन्नास भागांच्या आतली आणि शक्यतो हिंदी ध्वनीत उपलब्ध असलेली असावी. हिंदी ध्वनी देणाऱ्या मालिकांची संख्या अलीकडच्या वर्षांत बरीच वाढली आहे. मराठीत मात्र फार थोडे मिळते, ही खंत नोंदवावी लागते. ज्यांना जपानी आवाजच ऐकायचे आहेत त्यांना इंग्रजी उपशीर्षके भरभर वाचावी लागतात, आणि आजी-आजोबांसाठी हा अडथळा मोठा आहे.

मुलांसाठी निवड करताना पालकांची एक समजूत आड येते : चित्रे म्हणजे मुलांचेच. ‘शिनचॅन’ची मूळ चित्रकथा प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकात छापली जात होती, भारतात 2008 मध्ये तिच्या प्रक्षेपणावर सरकारी आक्षेप आला आणि पुढे ती कापछाट होऊन परतली. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ऑनलाइन मालिकांवर यू, यूए 7+, यूए 13+, यूए 16+ आणि ए अशी वयोगटाची खूण असते. ती पाहिल्याशिवाय मुलाच्या हाती मोबाइल देऊ नये. ‘अटॅक ऑन टायटन’ किंवा ‘डीमन स्लेयर’ची जाहिरात शाळकरी मुलांच्या दप्तरांवर आणि कंपासपेट्यांवर दिसते, पण दोन्हींत रक्तपात भरपूर आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘डोरेमॉन’ आणि ‘पोकेमॉन’ पुरेसे आहेत.

खेळांच्या मालिका हा मराठी प्रेक्षकासाठी सर्वात सोपा दरवाजा. व्हॉलीबॉलवरची ‘हाइक्यू’ 2014 ते 2020 या काळात चार हंगामांत 85 भागांत झाली. तिचा तिसरा हंगाम दहा भागांचा आहे आणि ते दहाही भाग एकाच सामन्याचे आहेत. जाळ्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या खेळाडूंचीही कथा सांगितली जाते, त्यामुळे हरणाऱ्या संघासाठीही जीव तुटतो. कुस्तीच्या शौकिनाला मात्र ‘हिनोमारू सुमो’ द्यावी. उंची कमी पडल्यामुळे व्यावसायिक सुमोचे दार बंद झालेल्या मुलाची ही 24 भागांची मालिका आहे. धरपकड, पकडी आणि तोल यांचे बारकावे आखाड्यात बसणाऱ्या माणसाला लगेच उमगतात.

इतिहासाची ओढ असलेल्यांना, म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांच्या 1681 मधल्या बुऱ्हाणपूर स्वारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना, ‘विनलंड सागा’ सुचवावी. अकराव्या शतकातल्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लुटारूंची ही कथा. पहिल्या 24 भागांत स्वाऱ्या, जाळपोळ आणि सूडाची भावना आहे. पुढच्या 24 भागांत तोच नायक दुसऱ्याच्या शेतावर गुलाम म्हणून जंगल तोडतो, खुंट उपटतो आणि गहू पेरतो. लढाया पाहायला आलेले काही प्रेक्षक दुसऱ्या हंगामात रेंगाळतात. खरे तर तो हंगामच या मालिकेचे मोल आहे, आणि सुचवतानाच हे सांगून ठेवावे. मालिका मोठ्यांसाठी आहे.

शेतकरी घरातल्या प्रेक्षकासाठी फार थोड्या मालिका आहेत, पण त्यातली एक अतिशय चांगली आहे. बुऱ्हाणपूर आणि रावेर हा केळीचा पट्टा, आणि येथल्या मुलांनी शेतीवरची गोष्ट पडद्यावर पाहावी असे मनापासून वाटते. ‘सिल्व्हर स्पून’ (2013-14, 22 भाग) हिची मूळ चित्रकथाकार हिरोमु अराकावा स्वतः होक्काइदोमधल्या दूधउत्पादक शेतकऱ्याच्या घरातली. सप्पोरो शहरातला हाचिकेन हा हुशार मुलगा वडिलांच्या अपेक्षांपासून दूर पळण्यासाठी कृषी शाळेत दाखल होतो. तेथे त्याला पहाटे उठून गोठे साफ करावे लागतात, आणि कोंबडीचे अंडे कोठून बाहेर येते हे पाहून नाश्त्याचे अंडे त्याच्या घशाखाली उतरत नाही. पुढे तो एका अशक्त डुकराच्या पिल्लाला वाढवतो. त्याची कत्तल होणार हे ठाऊक असूनही तो त्याला नाव देतो, आणि शेवटी त्याचे मांस स्वतः विकत घेतो. शाकाहारी घरात हा भाग बसून पाहणे जड जाईल, पण त्यातला प्रश्न टाळण्यासारखा नाही. दुसऱ्या हंगामात कोमाबा या वर्गमित्राच्या घरचा गोठा कर्जात बुडतो आणि बेसबॉलचे स्वप्न पाहणारा तो मुलगा शाळा सोडून कामाला लागतो. खानदेशात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

रहस्यकथेच्या चाहत्यांचे दोन पोटभाग पाडावेत. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके एका बैठकीत संपवणाऱ्यांना एकेक प्रकरण एक-दोन भागांत निकाली लावणारी ‘डिटेक्टिव्ह कोनन’ रुचते. ती 1996 पासून चालू असून भागांची संख्या हजाराच्या वर गेली आहे, पण कोठूनही पाहता येते. गुन्हेगाराच्या मनात शिरायचे असेल तर ‘डेथ नोट’चे 37 भाग किंवा नाओकी उरासावा यांच्या चित्रकथेवरची ‘मॉन्स्टर’, 74 भागांची. जर्मनीत काम करणारा जपानी मेंदूशल्यविशारद नगराच्या महापौराऐवजी आधी आलेल्या लहान मुलावर शस्त्रक्रिया करतो आणि तो मुलगा पुढे खुनी निघतो, या एका निर्णयातून ‘मॉन्स्टर’ उभी राहते. ती संथ आहे. ज्याला घाई आहे त्याला देऊ नये.

औषधी आणि वैद्यकीची आवड असलेल्यांना ‘द अपॉथेकरी डायरीज’ द्यावी. बुऱ्हाणपुरात सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया कॉलेज आहे, शाही किल्ल्यात हमाम आहे. काढे, जडीबुटी आणि जनानखान्याच्या गोष्टी येथे परक्या नाहीत. चीनसारख्या एका काल्पनिक राज्याच्या अंतःपुरात दासी म्हणून विकली गेलेली माओमाओ ही औषधे आणि विषे जाणते. राजाची तान्ही बाळे दगावत असतात आणि सगळे शापाची चर्चा करतात, तेव्हा तिच्या लक्षात येते की राण्यांच्या चेहऱ्यावरची पांढरी पावडरच विषारी आहे. पहिल्याच भागात हे घडते आणि त्यावरून मालिका आपली की नाही हे ठरवता येते. कथा अंतःपुर आणि वेश्यावस्तीत घडत असल्याने ती किशोरवयाच्या पुढच्यांसाठी.

आजी-आजोबा, नाटकवेडे आणि कथाकथनाचे शौकीन यांच्यासाठी ‘शोवा गेनरोकु राकुगो शिंजू’ (2016-17, दोन हंगाम मिळून 25 भाग). राकुगो हा जपानी एकपात्री कथाकथनाचा प्रकार. कलाकार गादीवर गुडघे मुडपून बसतो, हातात एक पंखा आणि एक कापडी पंचा, आणि केवळ मान डावी-उजवीकडे वळवून दोन माणसांचा संवाद उभा करतो. ज्यांनी लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ पाहिले आहे त्यांना या कलेची मातब्बरी सांगण्याची गरज नाही. तुरुंगातून सुटलेला एक तरुण यशस्वी राकुगो कलाकाराच्या दारात शिष्य करून घ्या म्हणून उभा राहतो, येथून मालिका सुरू होते. पहिला भाग नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट लांब आहे, तो एका बैठकीत पाहावा. गुरु-शिष्य, घराण्याचे नाव, कला टिकवायची की कलेसोबत संपायचे, या प्रश्नांवर इतक्या गांभीर्याने बोलणारी मालिका दुसरी क्वचितच असेल.

पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि आता बुऱ्हाणपूर-जळगावकडूनही मुले जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करतात. त्यांनी लढायांच्या मालिकांतली भाषा गिरवू नये. त्यातले सर्वनामांचे आणि आज्ञार्थाचे प्रयोग उद्दाम असतात आणि मुलाखतीत तोंडून निघाले तर अडचण होते. रोजची सभ्य बोली कानावर पडावी म्हणून ‘शिरोकुमा कॅफे’ (50 भाग) बरी.

एक अपवाद म्हणून एका चित्रपटाचा उल्लेख येथे करावा लागतो. ‘तोत्तोचान’ हे तेत्सुको कुरोयानागी यांचे पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून मराठी घरांत आणि शाळांत पोहोचले आहे. त्यावरचा ॲनिमे चित्रपट डिसेंबर 2023 मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. शिक्षकाला काही सुचवायचे झाले तर मालिकेआधी हा चित्रपट सुचवावा.

बुधवाऱ्यासारख्या मिश्र वस्तीत घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून पाहता येईल अशी एकच मालिका विचारली गेली, तर उत्तर ‘चिहायाफुरू’. करुता या खेळावरची ही मालिका आहे. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका यांनी संकलित केलेल्या शंभर कवींच्या शंभर कविता पत्त्यांवर लिहिलेल्या असतात. शंभरांपैकी पन्नास पत्ते जमिनीवर मांडतात, प्रत्येक खेळाडूच्या बाजूला पंचवीस. ते कोठे मांडले आहेत हे लक्षात ठेवायला पंधरा मिनिटे मिळतात. वाचक कवितेचा पूर्वार्ध म्हणू लागतो आणि उत्तरार्धाचा पत्ता आधी मारेल त्याला तो पत्ता मिळतो. सात कविता अशा आहेत की पहिले एकच अक्षर कानी पडताच त्या ओळखू येतात, म्हणून चिहाया ही नायिका वाचकाच्या ओठांतून आवाज फुटण्याआधीचा श्वास ऐकायला शिकते. मराठी घरांतल्या भेंड्या आणि उर्दू घरांतली बैतबाजी ज्यांनी रात्र-रात्र खेळली आहे, ते या मालिकेतला जोर आणि चढाओढ पहिल्या भागातच ओळखतील. कविता तोंडपाठ असणे आणि तिचा अर्थ कळणे यांतला फरकही मालिका सावकाश दाखवते. कानादे ही संघातली मुलगी प्रत्येक कवितेमागचे ऋतू, रंग आणि प्रसंग समजावते आणि तेव्हापासून संघाचा खेळ सुधारतो. तीन हंगामांत मिळून 74 भाग आहेत, पण पहिले 25 भाग पाहूनही समाधान होते. हिंसा नाही, अभद्र भाषा नाही, आणि आजीपासून पाचवीतल्या नातवापर्यंत कोणालाही खेळाचे नियम दोन भागांत कळतात. बुधवाऱ्यातल्या घरासाठी पहिली मालिका म्हणून हीच सर्वात योग्य आहे.